न्यायमूर्ती तेलंग आणि वाटणीचा दावा

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्याने नळदुर्ग मागे टाकले, उमरगा मागे टाकले, की थोड्याच वेळात आपला जिल्हा संपतो आणि कर्नाटकात शिरल्यावर बसवकल्याणचा फाटा लागतो. तिकडे जाणारे बहुतेक लोक बसवेश्वरांच्या ओढीने जातात आणि ते योग्यच आहे. पण बसवेश्वरांच्याही आधी याच कल्याणीत, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य राज्य करीत असता, विज्ञानेश्वर नावाचा एक पंडित होऊन गेला. याज्ञवल्क्य स्मृतीवर त्याने टीका लिहिली. तिचे नाव 'मिताक्षरा'. नऊशे वर्षे होत आली, तरी आपल्या भागात दोन भावांनी शेताच्या मधोमध बांध घातला, की त्या बांधाखाली कुठे तरी हे पुस्तक असतेच. बांध घालणाऱ्याला त्याचे नावही ठाऊक नसते, ही गोष्ट निराळी.

आम्ही ज्यांच्याविषयी लिहिणार आहोत, ते काशिनाथ त्रिंबक तेलंग मुंबईचे. आपल्या जिल्ह्याशी त्यांचा संबंध लावायचा तर तो या पुस्तकाच्या द्वारेच लावावा लागेल. आपला मुलूख त्या वेळी निजामाच्या राज्यात होता आणि मुंबईच्या हायकोर्टाचा हुकूम इकडे चालत नव्हता. तरीही आम्ही हा विषय घेतला, याचे कारण सांगतो. आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले, ते वाचनालयाच्या बाकावर आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात. व्हरांड्यात बसणाऱ्या माणसाला न्यायाधीश ही फार लांबची वस्तू वाटते. तो कुठून आला, काय शिकला, खुर्चीवर बसण्याआधी कोणासाठी भांडला आणि बसल्यावर काय विसरला, हे त्याला कळत नाही. एका न्यायाधीशाचे आयुष्य मुळापासून वाचून पाहावे, अशी आमची जुनी इच्छा होती. तेलंग आधी वकील, मग पुढारी आणि शेवटी न्यायाधीश असे तिन्ही झाले, आणि तेही अवघ्या त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यात. म्हणून त्यांना निवडले.

तेलंगांचा जन्म ३० ऑगस्ट १८५० चा, मुंबईतल्या एका गौड सारस्वत घराण्यातला. चुलत्यांनी त्यांना दत्तक घेतले. अमरचंदवाडीतल्या मराठी शाळेत आरंभ झाला, पुढे एल्फिन्स्टन हायस्कूल आणि एल्फिन्स्टन कॉलेज. हायस्कुलात नारायण महादेव परमानंद यांच्यासारखे शिक्षक लाभले. गुरुशिष्याचे हे नाते पुढे मैत्रीत बदलले. एम. ए. झाले, एल्‌एल. बी. झाले, आणि मधली काही वर्षे ज्या हायस्कुलात शिकले तिथेच संस्कृत शिकवले. हे संस्कृत विसरू नये. पुढे जे घडले, त्याचा निम्मा उलगडा त्यातच आहे.

मुंबईचे हायकोर्ट १८६२ साली सुरू झाले. त्याच्या दोन शाखा होत्या. मुंबई बेटावरचे मोठे दावे थेट हायकोर्टातच दाखल होत, त्या शाखेला 'ओरिजिनल साइड' म्हणत. आणि बाहेरच्या जिल्ह्यांतून येणारी अपिले दुसऱ्या शाखेत चालत. अपिलांच्या शाखेत देशी वकील पुष्कळ होते. ओरिजिनल साइड मात्र विलायतेहून आलेल्या बॅरिस्टरांची मिरास होती. पैसाही तिथेच होता. विलायतेला न जाता तिथे उभे राहायचे, तर हायकोर्टाची एक अवघड परीक्षा देऊन ॲडव्होकेट व्हावे लागे. बाळ मंगेश वागळे यांनी ती वाट प्रथम पाडली आणि तेलंग त्याच वाटेने गेले. १८७२ साली, बावीस वर्षांच्या वयात, त्यांचे नाव ॲडव्होकेटांच्या पटावर लागले.

इथे एक खुबी सांगितली पाहिजे. हिंदूंच्या वारशाचे आणि वाटणीचे दावे चालवताना इंग्रज बॅरिस्टर आणि इंग्रज जज्ज कोलब्रुक साहेबाने १८१० साली केलेल्या मिताक्षरेच्या इंग्रजी तर्जुम्यावर विसंबत. तर्जुमा चांगला होता, पण अखेर तर्जुमाच. त्यातल्या एखाद्या शब्दावर कोणाची तरी जमीन जायची. तेलंग उभे राहत ते मूळ पोथी वाचलेली असे. इंग्रजीवर त्यांची हुकमत इतकी, की भाषेच्या बाबतीत त्यांना कोणी अडवू शकत नसे. आणि संस्कृत असे, की समोरच्याला त्यांना अडवताच येत नसे. वकिली चालणारच. चालली, आणि अशी चालली, की मध्यंतरी सरकारी नोकरी चालून आली तेव्हा त्यांनी ती नाकारली.

मूळ वाचल्याचा फायदा काय असतो, हे आम्हांलाही एकदा कळले, पण उशिरा. पंचवीस वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका कारखान्यात हंगामी कामगारांचा तंटा उभा राहिला. हंगाम संपला की घरी, पुढच्या हंगामात बोलावतील की नाही याचा भरवसा नाही. आम्ही घोषणा दिल्या, दारात बसलो, निवेदने दिली. कारखान्याचे स्टँडिंग ऑर्डर्स म्हणून जे पुस्तक असते, ते मात्र आमच्यापैकी एकानेही उघडले नव्हते. ते इंग्रजीत होते आणि "वकील बघतील" असे आम्ही म्हणत आलो होतो. वकिलांनीही ते बघितले नव्हते. पहिल्या पेशीला समोरच्या बाजूने त्यातले एक कलम वाचले आणि आमचे सगळे भाषण तिथेच संपले. त्या रात्री आम्ही शब्दकोश घेऊन ते पुस्तक वाचायला बसलो. तीन रात्री लागल्या. चार पाने पुढे आमच्या बाजूचेही एक कलम होते. ते आधी माहीत असते, तर अठरा माणसांची दोन वर्षे वाचली असती. असो.

वकिली जोरात चालू असतानाच तेलंगांनी लेखणी हातात घेतली. वेबर नावाच्या जर्मन पंडिताने असे सुचवले होते, की रामायणाची कथा ग्रीक कवी होमर याच्यावरून घेतली असावी. १८७३ साली तेलंगांनी त्याला उत्तर लिहिले. दुसरा एक जर्मन, लोरिन्सर. त्याचे म्हणणे, की गीतेतले विचार ख्रिस्ती धर्मग्रंथातून आले. १८७५ साली तेलंगांनी गीतेचा इंग्रजी पद्यानुवाद छापला आणि त्याच्या प्रस्तावनेत लोरिन्सरचे एकेक प्रमाण तपासले. पुढे १८८२ साली मॅक्समुल्लरच्या 'पूर्वेकडील पवित्र ग्रंथ' मालेत त्यांचा गीतेचा गद्यानुवाद आला. 'मुद्राराक्षस' नाटकाची संशोधित आवृत्ती त्यांनी काढली आणि लेसिंग या जर्मन नाटककाराचे 'शहाणा नेथन' मराठीत आणले. त्या नाटकात एक ज्यू, एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती एकमेकांकडे माणूस म्हणून बघायला शिकतात. कोर्टात दिवसभर उभे राहून रात्री माणूस हे कसे करीत असेल, याचे आम्हांला नवल वाटते. आम्ही तर पेशीहून आलो की पायातले जोडेही न काढता आडवे होतो.

आता राजकारण. १८७७ साली तेलंगांनी एक निबंध वाचला : खुला व्यापार की संरक्षण, हिंदी दृष्टीने. लँकेशायरचे गिरणीवाले त्या वेळी विलायती कापडावरची जकात काढून टाका म्हणून सरकारच्या मागे लागले होते. तेलंगांचे म्हणणे असे, की खुल्या व्यापाराचे तत्त्व इंग्लंडासारख्या तयार झालेल्या देशाला शोभते. जिथे उद्योग नुकते पाळण्यात आहेत, तिथे त्यांना आधार लागतो. सरकारने ऐकले नाही. १८८२ पर्यंत कापडावरची जकात पुरती गेली.

त्याच १८७७ साली सोलापुरात मुरारजी गोकुळदासांची गिरणी उभी राहिली, जिला पुढे सगळे 'जुनी गिरणी' म्हणू लागले. तुळजापूर, नळदुर्ग, लोहाऱ्याकडची किती घरे त्या भोंग्यावर जगली, ते इथल्या म्हाताऱ्यांना विचारावे. तेव्हा गिरणी जगली पाहिजे असे म्हणणाऱ्या तेलंगांचे ऋण आपल्याकडेही आहे. पण संघटनेतल्या माणसाला इथे दुसरे एक नाव आठवल्यावाचून राहत नाही. तेलंगांहून दोनच वर्षांनी मोठे, त्याच मुंबईत राहणारे, महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ च्या सप्टेंबरात लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला : आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार, आणि यंत्रात हात सापडला तर काही भरपाई. गिरणी वाचवण्याचा विचार टाउन हॉलच्या बाजूला झाला आणि गिरणीत किती तास उभे राहायचे हा विचार परळच्या बाजूला. दोन्ही सभांना तीच माणसे होती, असे आमच्या वाचनात कुठे आले नाही.

असेच एक अंतर १८८२ सालात दिसते. शिक्षणाची चौकशी करण्यासाठी सरकारने हंटर साहेबाच्या अध्यक्षतेखाली एक कमिशन नेमले. मुंबई इलाख्यातून तेलंग त्याचे सभासद होते. त्याच कमिशनपुढे पुण्याहून जोतीराव फुल्यांचे निवेदन आले : सारा भरतो शेतकरी, आणि त्या पैशावर कॉलेजात शिकतात वरच्या वर्गांची मुले, आधी खेड्यातल्या पोरांना शिकवा. टेबलाच्या एका बाजूला तेलंग आणि दुसऱ्या बाजूला फुल्यांचा कागद, असे चित्र आमच्या डोळ्यांपुढे येते. तेलंगांनी कमिशनच्या अहवालाला आपले स्वतंत्र टिपण जोडले. सरकारी शाळांतून नीतिधर्माचे एक ठरीव पुस्तक शिकवावे, ही सूचना त्यांनी मानली नाही. बहुमताबरोबर सही करून मोकळे होणे हा त्यांचा स्वभाव नव्हता, एवढे त्यावरून दिसते. कमिशनच्या कामाबद्दल त्यांना सी. आय. ई. हा किताब मिळाला. फुल्यांच्या मागणीला मात्र पुढे कैक वर्षे वाट पाहावी लागली.

१८८३ साली इल्बर्ट बिलाचे वादळ उठले. तोपर्यंत मुंबई, कलकत्ता, मद्रास ही शहरे सोडली, तर बाहेर गोऱ्या आरोपीचा खटला हिंदी न्यायाधीशापुढे चालत नसे. ही विषमता काढण्यासाठी लॉर्ड रिपनच्या सरकारने बिल आणले आणि कलकत्त्याचे गोरे लोक खवळले. मुंबईच्या टाउन हॉलात बिलाच्या बाजूने सभा भरली. फिरोजशहा मेहता, बद्रुद्दीन तय्यबजी आणि तेलंग असे एक पारशी, एक मुसलमान, एक हिंदू, तिघेही वकील, तिघेही ऐन उमेदीतले, एका व्यासपीठावर उभे राहिले. तेलंगांच्या बोलण्यात आरडाओरडा नसे. ते विरुद्ध बाजूचा मुद्दा आधी स्वतःच, तोही चांगल्या रीतीने मांडीत आणि मग सावकाश त्याची वीण उसवीत. आमच्या धंद्यातल्या मंडळींना ही रीत रुचत नाही. टाळ्या उशिरा येतात. अखेर सरकार नमले आणि १८८४ साली बिल पातळ करून पास झाले : गोऱ्या आरोपीने मागितले, तर निम्मे गोरे असलेली ज्यूरी त्याला मिळू लागली. हरलेल्यांनी एक धडा मात्र घेतला. गोरे लोक संघटित होते म्हणून जिंकले. १८८५ च्या आरंभी या तिघांनी मिळून बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली.

त्याच वर्षाच्या अखेरीस काँग्रेसची पहिली बैठक पुण्याला भरायची होती, पण तिथे पटकी पसरली आणि बैठक ऐन वेळी मुंबईला आली. २८ डिसेंबर १८८५ रोजी गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले. पाहुणचाराचा भार प्रेसिडेन्सी असोसिएशनवर, म्हणजे पर्यायाने तेलंग आणि त्यांच्या सोबत्यांवर. कायदेमंडळे वाढवावी आणि त्यांत लोकांनी निवडलेले सभासद असावे, हा ठराव तेलंगांनी मांडला. स्वतः ते मुंबईच्या कायदेमंडळात १८८४ पासून होते, पण सरकारने नेमलेले. नेमणुकीने मिळालेल्या खुर्चीवर बसून निवडणूक मागणे, यातली विसंगती त्यांना दिसत असणारच. त्या कायदेमंडळात त्यांनी आणि मेहतांनी केलेले मोठे काम म्हणजे १८८८ चा मुंबई म्युनिसिपालिटीचा कायदा. शेकडो दुरुस्त्या सोसूनही मुंबई महापालिका आजतागायत त्याच कायद्यावर चालते. त्याच वर्षी अलाहाबादच्या काँग्रेसमध्ये, काँग्रेस म्हणजे मूठभर शिकलेल्यांचे खूळ असे म्हणणाऱ्या सरकारी बाजूला त्यांनी उत्तर दिले.

या धामधुमीत १८८६ साली तेलंगांनी एक व्याख्यान दिले, ज्यावर अजून वाद चालतो. प्रश्न असा, की सामाजिक सुधारणा आधी, की राजकीय? तेलंगांचे उत्तर : आधी-नंतर असा क्रम इतिहासात कोणत्याही राष्ट्राने पाळलेला नाही, जिथे अडथळा कमी, तिथे पाऊल लवकर पडते. राजकारणात समोर सरकार आहे आणि त्याच्याच तत्त्वांनी त्याला पेचात धरता येते. समाजात समोर आपलीच आई, आपलाच चुलता, आपलीच जात आहे. म्हणून राजकारण पुढे जाईल, समाज मागून येईल, आणि त्यात वाईट वाटण्यासारखे फार नाही. वकिलाचा युक्तिवाद म्हणून तो बिनतोड आहे. पण आम्हांला तो वाचताना प्रत्येक वेळी एक प्रश्न पडतो, की जिथे अडथळा कमी तिथेच चालायचे ठरवले, तर जिथे तो सर्वांत जास्त आहे तिथे राहणाऱ्या माणसाने किती काळ थांबायचे?

आणि तेलंगांना तो माणूस माहीत नव्हता असेही नाही. रखमाबाईंचा खटला त्यांनी स्वतः चालवला होता. अकराव्या वर्षी लग्न लागलेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जाण्याचे नाकारले आणि नवऱ्याने दावा लावला. रखमाबाईंची बाजू मांडणाऱ्या वकिलांत तेलंग होते. १८८५ साली न्या. पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. १८८६ साली अपिलात तो फिरला आणि १८८७ साली हुकूम झाला, की नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात बसा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात बसेन. अखेर १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली. पुढे त्या विलायतेला गेल्या आणि डॉक्टर होऊन परत आल्या. सुतार जातीतल्या त्या मुलीने अडथळा कुठे कमी आहे हे पाहिले नव्हते.

१८८९ साली न्या. नानाभाई हरिदास वारले आणि त्यांच्या जागी तेलंगांना हायकोर्टाचे न्यायाधीश नेमले. वय एकोणचाळीस. काँग्रेस सोडावी लागली, आणि ती त्यांनी जड मनाने सोडली. तीन-चार वर्षांच्या त्या काळातले त्यांचे हिंदू कायद्यावरील निकाल अजून आधाराला घेतात. पण आम्ही इथे सांगणार आहोत तो निकाल असा आहे, की ज्यात तेलंग हरले.

दावा होता १८९१ सालचा, एका कुलकर्णी घराण्यातला. प्रश्न आपल्याकडच्या कोणत्याही गावात आजही समजेल असा. एका घरात दोन-तीन भाऊ एकत्र आहेत. त्यांतल्या एकाचा मुलगा मोठा झाला. त्याला वाटले, आपला हिस्सा वेगळा करून घ्यावा. बाप म्हणतो, मला माझ्या भावांपासून फुटायचे नाही. बाप जिवंत आहे आणि त्याची संमती नाही. अशा वेळी मुलगा बापावर आणि चुलत्यांवर वाटणीचा दावा लावू शकतो काय?

आता आपल्या शेजारच्या कल्याणीतली ती पोथी काय म्हणते, ते पाहावे. मिताक्षरेचा पाया असा, की वाडवडिलांच्या मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच असतो. बाप मेल्यावर तो मिळतो असे नाही. मूल जन्माला आले, की ते भागीदार झाले. बंगालकडे दुसरा ग्रंथ चालतो, त्यात तसे नाही; तिथे बापाच्या हयातीत सगळे बापाचे. पण आपल्याकडे जन्माने हक्क. मग जन्माने भागीदार असलेल्याला भागीदारी मोडण्याचा अधिकार आहे की नाही? हक्क आहे पण मागता येत नाही, हा कसला हक्क?

प्रश्न फुलबेंचकडे, म्हणजे अनेक न्यायाधीशांच्या एकत्र बैठकीकडे गेला. बहुमताने ठरवले, की मुलाला तसा दावा लावता येत नाही. बापाची संमती हवी. तेलंगांनी आपला भिन्न निकाल लिहिला. त्यांनी तर्जुमा बाजूला ठेवून मूळ संस्कृत वचने घेतली, टीकाकाराचा संदर्भ लावला आणि म्हटले, की मुलाचा हक्क बापाच्या हक्काइतकाच पुरा आहे आणि बाप भावांशी एकत्र राहिला म्हणून तो थांबत नाही. संस्कृत जाणणारा न्यायाधीश म्हणत होता, की पोथी मुलाच्या बाजूने आहे. आणि पोथी तर्जुम्यातून वाचणारे म्हणत होते, की हिंदूंच्या परंपरेला हे शोभणार नाही. परंपरेचा कैवार परक्याने घ्यावा आणि परंपरा वाचलेल्याने मोकळीक द्यावी, असा हा उलटा प्रकार आहे. आपल्या सार्वजनिक जीवनात तो पुढेही पुष्कळदा दिसला आहे.

भिन्न निकालाला त्या दिवशी किंमत नसते. पक्षकार हरतो तो हरतोच. मुंबई इलाख्यात बहुमताचाच नियम पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालला. मद्रास, कलकत्ता, अलाहाबादकडच्या हायकोर्टांनी मात्र मुलाला तो अधिकार दिला. म्हणजे तेलंग जे म्हणाले ते इतर प्रांतांत कायदा म्हणून चालू होते, आणि त्यांच्या स्वतःच्या शहरात नव्हते. आमच्या एका मित्राच्या घरी तीस एकर कोरडवाहू जमीन चार चुलत्यांत एकत्र होती. बाप भिडेखातर बोलत नव्हता आणि हा मुलगा चाळिशीपर्यंत स्वतःच्या शेतात सालगड्यासारखा राबला. बँकेचे कर्ज मागायला गेला, तर सातबारावर नाव नाही. मिताक्षरा त्याच्या घरापासून एका एस्‌.टी.च्या अंतरावर लिहिली गेली होती. मुलींचा प्रश्न तर त्या काळी कोणाच्या मनातही नव्हता. त्यांना सरसकट जन्माने हक्क मिळायला २००५ साल उजाडावे लागले, आणि आजही तलाठ्याच्या कार्यालयात बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात ते आपण पाहतोच.

न्यायाधीशाच्या खुर्चीवर असतानाही तेलंगांचे वाचन थांबले नव्हते. मराठ्यांच्या बखरी चाळून त्यांनी एक निबंध लिहिला. पेशवाईत आणि त्याआधी जातीचे, प्रायश्चित्ताचे नियम प्रसंगी कसे सैल होत असत, हे त्यांनी त्यात दाखवले. रानड्यांनी १९०० साली मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील आपल्या ग्रंथाला तो जोडला. १८९२ साली ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्या पदावर बसलेले पहिले हिंदी. त्याच वर्षी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचेही ते अध्यक्ष झाले. प्रकृती मात्र ढासळत होती.

आणि मग १८९३ साल. आदल्याच काळात, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा झाला होता. मुलीचे संमतिवय दहावरून बारावर न्यायचे, एवढाच तो कायदा, पण देशभर रान पेटले होते. तेलंगांनी त्या कायद्याला आपला पाठिंबा कळवला होता. त्याच तेलंगांनी १८९३ साली आपल्या लहानग्या मुलीचे लग्न लावून दिले. घरातल्या वडीलधाऱ्यांचा आग्रह होता. वर्तमानपत्रे तुटून पडली. सुधारकांना तोंड लपवण्याची पाळी आली आणि सुधारणेच्या विरोधकांना आनंद झाला. रखमाबाईंचा वकील, हायकोर्टाचा न्यायाधीश, विद्यापीठाचा कुलगुरू. आणि घरात आग्रहापुढे मान खाली.

त्या प्रसंगावरून तेलंगांना ढोंगी म्हणणारे तेव्हाही होते आणि आताही आहेत. आम्ही तो शब्द वापरणार नाही. फुलबेंचमध्ये बहुमताविरुद्ध एकटे उभे राहणारा माणूस भित्रा नसतो. पण तिथे समोर सार्जंट साहेब होते आणि घरात समोर आपली माणसे होती. १८८६ च्या व्याख्यानात अडथळा कुठे जास्त असतो, हे त्यांनी अगदी बरोबर सांगितले होते. त्यांच्या मुलीला मात्र कोणी विचारले नव्हते. आम्ही स्वतः संपाच्या सभेत हुंडाबंदीवर तास तास बोललेलो आहोत, आणि धाकट्या बहिणीच्या लग्नात वडिलांनी पाटावर मांडलेली रक्कम निमूटपणे मोजलेली आहे. तेव्हा तेलंगांविषयी बोलताना आमचा आवाज फार चढत नाही.

१ सप्टेंबर १८९३ रोजी तेलंग वारले. त्रेचाळीस वर्षे पुरी होऊन दोन दिवस झाले होते. हायकोर्टातल्या त्यांच्या रिकाम्या जागी त्याच वर्षी महादेव गोविंद रानड्यांची नेमणूक झाली. त्या रानड्यांनीही वीस वर्षांपूर्वी, विधवेशी विवाह करावा असे मित्र सांगत असताना, वडिलांच्या आग्रहाखातर अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले होते. त्या मुलीला त्यांनी घरी शिकवले. ती पुढे रमाबाई रानडे झाली. तेलंगांच्या मुलीचे नाव आमच्या वाचनात कुठेही आलेले नाही.